महिनाअखेरचा लॉट

रविवारी सातला गाडीपुढे गोणपाट अंथरलं
तेव्हा सेक्रेटरी टिपणीस दुधाची पिशवी घेऊन थांबले.
पार्किंगमध्ये दुरुस्ती करू नये, असा ठराव आहे, म्हणाले.
म्हटलं, दुरुस्ती नाही, तपासणी.
तपासणी मी एकोणतीस वर्षं केली,
भोसरीत, स्प्रिंगांच्या कारखान्यात,
शेवटच्या टेबलावर.

झाकण निघालं. आत काळं, चकचकीत तेल.
रॉकरचा दांडा सोडवला, पुशरॉड वर्तमानपत्रावर ओळीने,
खाली पेनने आकडे : एक ते आठ.
हेड उतरवायचं नव्हतं.
त्यासाठी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी
प्लगच्या भोकातून वीत वीत आत सोडायची,
पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवायचं.
पिस्टन वर येतो, दोरी दाटते,
व्हॉल्व्ह आत पडायचा राहतो.
हेरंबला पटेना. भावाचा मुलगा, इंजिनिअरिंग, दुसरं वर्ष.
आत्या, दोरी?
म्हटलं, टोक तेवढं बाहेर ठेव.

कंप्रेसर नाना पेठेतून, पोरवालांकडून, अनामत ठेवून.
तो पिळला की स्प्रिंग मान खाली घालते,
रिटेनरची वाटी सरकते
आणि नखाच्या कोरेएवढे दोन लॉक
दांडीला चिकटलेले, उघडे पडतात.
तिथे चुंबक न्यायचा. श्वास नंतर.
तिसऱ्याचा एक उडालाच.
अर्धा तास तिघं गुडघ्यांवर :
मी, हेरंब आणि टिपणीस,
दुधाची पिशवी जिन्याच्या कठड्याला अडकवून.
सापडला त्यांनाच, त्यांच्याच स्कूटरच्या स्टँडपाशी.
ठरावाचं पुन्हा निघालं नाही.

आठही स्प्रिंगा काचेच्या तुकड्यावर उभ्या केल्या.
पाच ताठ. दोन जराशा कललेल्या.
सहावी बसलेली, दीड मिलिमीटर.
व्हर्नियर लावण्याआधीच बोटांना कळलं होतं.

बसलेली स्प्रिंग आमच्याकडे लाल पेटीत जायची.
पंच्याण्णव साली, मार्चच्या एकतीसला,
गायधनी साहेबांनी एका लॉटचा कागद पुढे सरकवला.
ट्रक गेटवर, इंजिन चालू.
एवढं काय हो, दोन किलोचा तर फरक.
मी सही केली. स्वच्छ, पूर्ण नावाची.
चार हजार दोनशे नग.

मग कर्वे रोडच्या सिग्नलला
शेजारच्या गाडीतून टकटक आली
की मी काच खाली करायचे.
धूर येतोय, लाव ना, हे म्हणायचे.
त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आमचं इंजिन सत्त्याण्णवला खोललं होतं.
स्प्रिंगा तेव्हाच्याच, पेठेतून सुट्या आणलेल्या.
सहावी उलटसुलट करून पाहिली.
नाव नाही, लॉट नाही, साल नाही.
तार, आणि तारेला आलेला कंटाळा.

आत्या, लॉकला ग्रीस लावू?
लाव.
ग्रीसने ते खाचेत धरून राहतात,
कंप्रेसर सोडताना मात्र घाई नाही.
मग रबरी हातोडीची एक टिचकी :
नीट बसले असतील तर गप्प,
नसतील तर तोंडावर.

शेवटी दोरी ओढली. काळी, पण पुरी आली.
दुसऱ्या सेल्फला गाडी सुरू झाली.
गेला आवाज, हेरंब म्हणाला.
मला अजून थोडा येतो.

रात्री सुनेचं नेलपेंट घेतलं
आणि सहावीवर ठिपका दिला. फक्त सहावीवर.

मंगळवारी भंगारवाल्याने आठही तागडीत टाकल्या.
ही एकच का रंगवली, मावशी?
विचारलं त्याने,
आणि लगेच वजन सांगितलं :
अर्ध्या किलोला जरा कमी.